खऱ्या गुन्ह्यांच्या गोष्टी वाचण्यात लाज कसली?

खून, बेपत्ता झालेली माणसे, फसलेले तपास आणि वर्षानुवर्षे रेंगाळलेले खटले यांच्या खऱ्या कहाण्या आज जगभर आवडीने वाचल्या, ऐकल्या आणि पाहिल्या जातात. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२३ मध्ये तिथल्या आघाडीच्या पॉडकास्टांची पाहणी केली, तेव्हा त्यांतली जवळपास एक चतुर्थांश याच विषयाला वाहिलेली आढळली. इतका वाटा दुसऱ्या कोणत्याही विषयाच्या वाट्याला आला नव्हता. तरीही ही आवड बोलून दाखवताना माणसे अवघडतात, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरही किंचित नापसंती उमटते. दुसऱ्याच्या मरणात रस घेणे ही विकृती आहे, हा आरोप जुनाच आहे. मला तो मान्य नाही. गुन्ह्याबद्दलचे कुतूहल माणसात पूर्वीपासून आहे. पण गेल्या दोन-अडीचशे वर्षांत या कुतूहलाचा रोख शिक्षेकडून पुराव्याकडे वळला आहे, आणि सामान्य माणसाच्या मनात घडलेला हा बदल इतका मोलाचा आहे की त्याचे उघडपणे आणि आनंदाने स्वागत व्हायला हवे.

पूर्वी लोक नेमके काय पाहायला जमत, हे आधी आठवले पाहिजे. इंग्लंडमध्ये १८६८ पर्यंत फाशी चव्हाट्यावर दिली जाई. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या ओवेन्सबरो गावी १९३६ मध्ये झालेल्या शेवटच्या जाहीर फाशीला सुमारे वीस हजार माणसे लोटली होती, आणि फ्रान्समध्ये गिलोटिनखाली जाहीर शिरच्छेद थेट १९३९ पर्यंत होत राहिले. या गर्दीत छापील पत्रके विकली जात. त्यांत कैद्याचे 'अखेरचे भाषण', त्याचा कबुलीजबाब आणि पश्चात्तापाची पद्ये असत. कैदी अजून जिवंत असतानाच हा मजकूर छापून तयार असे, आणि वर छापलेले लाकडी ठशाचे चित्र कित्येकदा आधीच्या कुणा दुसऱ्याच कैद्यासाठी वापरून झालेले असे. या तपशिलावर थोडे थांबावेसे वाटते, कारण त्या काळच्या आवडीचा स्वभाव त्यात दिसतो. कबुली आधीच ठरलेली होती. माणूस कोण, त्याच्याविरुद्ध पुरावा काय, साक्षीदार खरे बोलले का, हे प्रश्न पत्रक विकत घेणाऱ्याच्या मनात येण्याची जागाच त्या मजकुरात ठेवलेली नव्हती.

आजचा श्रोता काय ऐकतो? एका फोनची नोंद कोणत्या मनोऱ्यावर झाली, पहिल्या जबाबात साक्षीदाराने सांगितलेली वेळ दुसऱ्या जबाबात का बदलली, आरोपीला वकील मिळण्याआधी पोलिसांनी त्याला किती तास बसवून ठेवले, यावर तो एकामागून एक भाग ऐकत राहतो आणि शेवटी कित्येकदा 'नक्की सांगता येत नाही' हे उत्तरही स्वीकारतो. घरकाम करताना किंवा प्रवासात, कोणतीही परीक्षा द्यायची नसताना, माणसे पुराव्याचे वजन करायला आपणहून बसतात. लोकांना कष्टाचा विचार नको असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी या एका गोष्टीची दखल घ्यावी.

हा बदल अचानक झाला नाही. गायो द पितावाल या फ्रेंच वकिलाने १७३४ पासून गाजलेल्या खटल्यांचे खंड छापायला सुरुवात केली, तेव्हा न्यायालयाच्या चार भिंतींआडची भाषा प्रथमच मोठ्या वाचकवर्गापुढे आली. पुढे १७६२ च्या मार्चमध्ये तुलूझ शहरातल्या जाँ कालास या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्याला चाकावर हाडे मोडून ठार करण्यात आले. त्याचा मुलगा घरात मृतावस्थेत सापडला होता आणि तो कॅथलिक होणार म्हणून बापानेच त्याला मारले, अशी गावात आवई उठली होती. फ्रेंच लेखक व्होल्तेअरने हे प्रकरण हाती घेतले तेव्हा त्याची पहिली मागणी काय होती? खटल्याचे कागद उघड करा. त्या काळच्या फ्रान्समध्ये फौजदारी कारवाई गुप्त चाले आणि निकालाला कारणे देण्याचे बंधन नव्हते. युरोपभरच्या वाचकांना त्याने या एका घराच्या दुःखात आणि त्यातल्या विसंगतींत इतके गुंतवले, की १७६५ मध्ये कालासला मरणोत्तर निर्दोष ठरवावे लागले. या वाचकांनाही कुणीतरी 'दुसऱ्याच्या मरणात रस घेणारे' म्हटलेच असेल. त्यांच्या त्या रसाशिवाय कालासच्या बायकोमुलांना वाली कोण होता?

इंग्लंडमधल्या जॉर्ज एडलजी यांचे प्रकरण मला याहूनही बोलके वाटते. मूळचे मुंबईचे पारशी असलेले त्यांचे वडील स्टॅफर्डशरमधल्या ग्रेट वर्ली गावात चर्चचे धर्मगुरू होते आणि जॉर्ज स्वतः वकिली करत. १९०३ मध्ये रात्री शेतात जाऊन जनावरे फाडल्याचा आरोप त्यांच्यावर आला आणि सात वर्षांची शिक्षा झाली. दहा हजार लोकांनी सह्या केलेला अर्ज सरकारकडे गेला. तीन वर्षांनी त्यांची सुटका झाली, पण कपाळावरचा शिक्का कायम राहिला. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉईल त्यांना भेटायला एका हॉटेलात गेले, तेव्हा एडलजी वर्तमानपत्र वाचत बसले होते. कागद डोळ्यांच्या अगदी जवळ आणि थोडा तिरका धरलेला. डॉईल स्वतः डॉक्टर होते आणि नेत्रविद्येचा त्यांचा अभ्यास होता. ओळख करून घेण्याआधीच त्यांच्या लक्षात आले, की या माणसाची दृष्टी इतकी अधू आहे की काळ्याकुट्ट रात्री रेल्वेचे रूळ आणि कुंपणे ओलांडून, पाळतीवरच्या पोलिसांना चुकवून तो शेतात जाऊन जनावर शोधू शकणार नाही. हा सगळा पुरावा त्यांनी जानेवारी १९०७ मध्ये वर्तमानपत्रात मांडला, आणि इतरांनाही तो विनासायास छापता यावा म्हणून लेखावरचा हक्क सोडून दिला. त्याच वर्षी एडलजींना माफी मिळाली आणि वकिलीची सनद परत मिळाली, पण भरपाई मात्र सरकारने नाकारली. इंग्लंडमध्ये तोवर फौजदारी निकालाविरुद्ध दाद मागण्यासाठी स्वतंत्र अपील न्यायालयच नव्हते. ॲडॉल्फ बेक या माणसाला चुकीच्या ओळखीवरून १८९६ आणि १९०४ अशा दोनदा दोषी ठरवल्याचे प्रकरण आधीच गाजले होते, त्यात एडलजींची भर पडली आणि १९०७ मध्येच ते न्यायालय कायद्याने स्थापन झाले. ज्या लोकांनी ही प्रकरणे वर्तमानपत्रांतून चवीने वाचली, त्यांच्या चवीचाही त्या कायद्यात वाटा आहे.

अर्थात चवीने वाचणे आणि न्याय मिळणे यांच्यामध्ये बरेच रटाळ काम असते, आणि लोकप्रियतेचे महत्त्व मला सर्वांत जास्त याच ठिकाणी जाणवते. मिसिसिपी राज्यातल्या विनोना या छोट्या गावात १९९६ मध्ये फर्निचरच्या एका दुकानात चौघांचा खून झाला. कर्टिस फ्लॉवर्स या कृष्णवर्णीय माणसावर त्यासाठी एकाच सरकारी वकिलाने १९९७ ते २०१० या काळात सहा वेळा खटला चालवला. एका पॉडकास्टची पत्रकार मंडळी जवळपास वर्षभर त्या गावात जाऊन राहिली. जिल्ह्याजिल्ह्यांच्या न्यायालयांतली जुनी ज्युरी-निवडीची कागदपत्रे त्यांनी एकेक पान करून जमवली आणि २६ वर्षांच्या नोंदी तपासून दाखवले, की या वकिलाच्या कार्यालयाने कृष्णवर्णीय ज्युरींना गोऱ्यांच्या जवळजवळ साडेचार पट प्रमाणात वगळले होते. 'फ्लॉवर्सने माझ्यापाशी कबुली दिली' असे शपथेवर सांगणाऱ्या तुरुंगातल्या साक्षीदाराने आपण खोटे बोललो, हे याच पत्रकारांना सांगितले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी शिक्षा रद्द केली. सहा खटल्यांत मिळून ४२ संभाव्य कृष्णवर्णीय ज्युरींपैकी ४१ जणांना सरकार पक्षाने वगळले होते, ही गोष्ट त्या निकालाच्या केंद्रस्थानी होती. सप्टेंबर २०२० मध्ये फ्लॉवर्सवरचे आरोप मागे घेण्यात आले.

निकाल पॉडकास्टने दिला असे कुणी म्हणू नये. तो फ्लॉवर्सच्या वकिलांच्या चिकाटीचा आणि न्यायमूर्तींच्या विवेकाचा होता. तरीही ज्युरींच्या याद्या वर्षभर चाळण्याचा खर्च कोणी का करावा, याचे व्यवहारातले उत्तर एकच आहे. ते ऐकायला लाखो माणसे तयार होती. ज्या आवडीला आपण उथळ म्हणतो, तिच्या बळावर शोधपत्रकारितेतले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत गरजेचे काम उभे राहिले. याआधी १९८८ मध्ये एरॉल मॉरिस यांच्या माहितीपटामुळे रँडल डेल ॲडम्स यांचे प्रकरण असेच लोकांपुढे आले होते. डॅलसमधल्या पोलिसाच्या खुनासाठी त्यांना देहदंड सुनावला गेला होता, शिक्षेची तारीखही ठरली होती. नंतर ती शिक्षा जन्मठेपेत बदलली आणि माहितीपटानंतर वर्षभरातच, १९८९ मध्ये, ते सुटले.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती सहसा थट्टेवारी नेली जाते: या कहाण्यांचा मोठा वाचक आणि श्रोतावर्ग स्त्रियांचा आहे. अमांडा व्हिकरी आणि क्रिस फ्रेली या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की अशी पुस्तके निवडताना स्त्रियांचा कल पुरुषांपेक्षा स्पष्टपणे जास्त होता, आणि हल्ल्यातून बळी कसा निसटला किंवा मारेकऱ्याच्या मनात काय होते, हे ज्या पुस्तकात सांगितले आहे तिकडे तो आणखी झुकत होता. यात विकृती कुठे आहे? ज्यांना धोका अनेकदा ओळखीच्याच माणसाकडून असतो, त्यांनी तो माणूस आधी कसा वागत होता, पैसा, फोन, मैत्रिणी आणि माहेर यांपासून बायकोला एकेक करून कसा तोडत गेला, हे बारकाईने समजून घेणे हा शहाणपणा आहे. कुटुंबात, शाळेत किंवा पोलीस चौकीत जे कुणी नीट सांगत नाही, ते या कहाण्या नावानिशी आणि तारखेनिशी सांगतात.

सिडनीतल्या लिनेट डॉसन यांचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दोन लहान मुलींची ही आई जानेवारी १९८२ मध्ये नाहीशी झाली. 'ती घर सोडून गेली' या नवऱ्याच्या सांगण्यावर सगळ्यांनी सहज विश्वास ठेवला, आणि त्याच्या शाळेतली विद्यार्थिनी असलेली, मुलींना सांभाळायला येणारी तरुणी लगेचच त्या घरात राहायला आली. मृत्यूच्या न्यायिक चौकशीत २००१ आणि २००३ मध्ये दोनदा, नवऱ्यावर खटला भरावा असे मत नोंदले गेले, तरी खटला उभा राहिला नाही. हेडली थॉमस या पत्रकाराने २०१८ मध्ये या प्रकरणावर पॉडकास्ट केले, ते जगभर ऐकले गेले, त्याच वर्षाअखेर नवऱ्याला अटक झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्याला खुनासाठी दोषी ठरवून पुढे २४ वर्षांची शिक्षा देण्यात आली. मृतदेह अजूनही सापडलेला नाही. मुले मागे ठेवून आई अशी निघून जाईल का, हा साधा प्रश्न लिनेट यांच्या आप्तांच्या आणि मैत्रिणींच्या मनात कित्येक वर्षे होता. त्याला वजन आले ते लाखो अनोळखी माणसे तोच प्रश्न विचारू लागली तेव्हा.

याच प्रकरणात दुसरी बाजूही दिसते आणि ती टाळून चालणार नाही. पॉडकास्टची इतकी चर्चा झाली, की आरोपीला निःपक्षपाती खटला मिळेल का, अशी शंका न्यायालयात उभी राहिली. खटला काही महिने थांबवण्यात आला, पॉडकास्ट ऑस्ट्रेलियात तात्पुरते मागे घ्यावे लागले आणि अखेर ज्युरीविना एकट्या न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली. थॉमस यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण खटला तोंडावर आला की कथनकाराने गप्प बसावे, हा न्यायालयाचा आग्रह मला पूर्णपणे रास्त वाटतो. जाणून घेण्याचा हक्क आणि आरोपीचा हक्क समोरासमोर आले तर काही काळ पहिल्याने थांबावे. थांबल्याने त्याचे काही बिघडत नाही. उलट दुसरा हक्क एकदा मोडला की भरून येत नाही.

याहून गंभीर दोष आहे तो स्वतःच तपास करायला निघालेल्या जमावाचा. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये एप्रिल २०१३ मध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हा इंटरनेटवरच्या हौशी शोधकांनी एका बेपत्ता विद्यार्थ्यालाच आरोपी ठरवून टाकले. त्या मुलाचा स्फोटाशी काहीही संबंध नव्हता. तो आधीच मरण पावला होता. मुलाच्या शोधात असलेल्या त्याच्या घरच्यांना त्या दिवसांत जे सोसावे लागले, त्याचे समर्थन कोणत्याही कुतूहलाने होऊ शकत नाही. पण नीट पाहिले तर इथे पुराव्याची ओढ नव्हतीच. एका धूसर छायाचित्रावरून निकाल देऊन मोकळे होण्याची घाई होती, आणि ती फाशीच्या जुन्या गर्दीच्या जातकुळीतली होती. चांगली गुन्हेकथा वाचलेल्या माणसाला या घाईची भीती वाटली पाहिजे, कारण चुकीच्या ओळखीने किती जणांचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, हे त्याने तिथेच वाचलेले असते.

विज्ञानाच्या बाबतीतही हेच दिसते. डीएनए म्हटले की 'त्यामुळे गुन्हेगार सापडतो' एवढेच आपल्या मनात येते. इंग्लंडमधल्या लेस्टरजवळ १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले, त्यांपैकी एकाची एका सतरा वर्षांच्या मुलाने कबुलीही दिली. ॲलेक जेफ्रीज यांनी नव्याने शोधलेली डीएनएची चाचणी तिथे वापरली गेली, आणि तिने सर्वांत आधी काय केले असेल तर त्या कबुली देणाऱ्या मुलाला निर्दोष ठरवले. नंतर परिसरातल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांचे नमुने घेऊनही खुनी सापडेना; 'मी त्याच्या नावाने रक्त दिले' असे एक जण पबमध्ये बोलून गेला, ते कुणीतरी ऐकले आणि पोलिसांना कळवले, तेव्हा कॉलिन पिचफोर्क हाती लागला. माणूस न केलेल्या गुन्ह्याची कबुली देऊ शकतो, ही गोष्ट पटायला अवघड असते. कायद्याच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अशा कहाण्यांनी ती जास्त लोकांना पटवली आहे, आणि उद्या यांतलेच कुणी ज्युरीत बसतील, पंच म्हणून सही करतील, किंवा शेजारच्या मुलाला पोलिसांनी नेले असता त्याच्या घरच्यांना वकील गाठायला सांगतील.

राहतो तो खुन्याच्या उदात्तीकरणाचा आक्षेप. मारेकऱ्याचे नाव सगळ्यांना पाठ आणि मेलेल्यांची नावे कुणालाच ठाऊक नाहीत, हे अनेक कथनांच्या बाबतीत खरे आहे, आणि मला ते मनापासून खटकते. लंडनमधल्या १८८८ च्या व्हाइटचॅपल हत्यांचे उदाहरण घ्या. सव्वाशेहून अधिक वर्षे सगळी चर्चा खुनी कोण याभोवती फिरली आणि मारल्या गेलेल्या पाच स्त्रियांना एका शब्दात 'वेश्या' म्हणून निकालात काढले गेले. हॅली रुबेनहोल्ड या इतिहासकार लेखिकेने २०१९ मध्ये या पाच जणींची चरित्रे लिहिली, खुन्याला जवळजवळ बाहेरच ठेवले, आणि पाचांपैकी तिघी वेश्याव्यवसाय करत होत्या याला पुरावाच नाही, असे दाखवले. पॉली निकोल्स यांचा संसार एका छापखान्यातल्या कामगाराबरोबर झालेला होता. कॅथरीन एडोज जोडीदाराबरोबर गावोगाव फिरून गाण्यांची आणि कथांची पत्रके विकत असत. दारिद्र्य, दारू, मोडलेले संसार आणि रात्रीच्या निवाऱ्याला चार पेनी नसणे, हे त्यांच्या मरणाचे खरे संदर्भ आहेत. हे पुस्तक वाचकांनी उचलून धरले, हे मला विशेष आश्वासक वाटते. खुन्यापेक्षा त्या बायकांबद्दल वाचायला लोक तयार आहेत; लिहिणाऱ्यांनी तेवढे श्रम घेतले पाहिजेत. न्यूझीलंडच्या तत्कालीन पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी २०१९ च्या ख्राइस्टचर्च हत्याकांडानंतर हल्लेखोराचे नाव कधीही उच्चारणार नाही असे जाहीर केले. प्रत्येक लेखकाला इतके कडक होता येणार नाही, कारण खटल्याचा अभ्यास आरोपीच्या नावाशिवाय होत नाही. पण कुणाला किती पाने द्यायची हे ठरवताना ती भूमिका समोर ठेवायला हरकत नाही.

आप्तांच्या संमतीचा प्रश्न मात्र मला अजून सुटलेला वाटत नाही. मुलीच्या खुनावर मालिका आली हे आईला जाहिरातीतून कळावे, ही क्रूर गोष्ट आहे. कायदेशीर परवानगीची गरज नसली, तरी आधी कळवणे, काय दाखवणार ते सांगणे आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेणे, इतके तरी प्रत्येक निर्मात्याने केलेच पाहिजे. आणि ज्याने ते केलेले नाही त्याची मालिका पाहायची नाही, एवढी ताकद प्रेक्षकाच्या हातात आजही आहे.

या आवडीला नावे ठेवणाऱ्यांना सर्वांत जास्त चीड येते ती अफवांची आणि अर्धवट माहितीवर रचलेल्या तर्कांची. तो राग मी समजू शकतो, पण त्याचा रोख चुकीच्या दिशेने आहे. जिथे साक्षी, जबाब आणि निकालपत्रे सामान्य माणसाला सहज वाचायला मिळतात, तिथे वाचक कागदावर बोट ठेवून वाद घालतो. जिथे ती कुलपात असतात, परवडत नाहीत किंवा अशा भाषेत असतात की वकिलाशिवाय उलगडत नाहीत, तिथे त्याच्या वाट्याला ऐकीव गोष्टीच उरतात. पीडितांची ओळख झाकून, अल्पवयीन मुलांना संरक्षण देऊन, निकाल लागलेल्या प्रत्येक गंभीर खटल्याची कागदपत्रे लोकांच्या भाषेत आणि विनामूल्य खुली करता येतील. लोकांचे कुतूहल तयार आहे, त्यांच्याजवळ वेळ आहे, आणि तासन्‌तास पुरावा ऐकण्याची सवय त्यांनी स्वतःहून लावून घेतली आहे. कागद देण्याचे काम आता न्यायालयांचे आणि सरकारांचे आहे, आणि ते मागण्याचे काम या कहाण्या आवडीने वाचणाऱ्या आपल्या सगळ्यांचे आहे.